हलक्या क्रीडा विमानासाठी इंजिन किती अश्वशक्तीचे घ्यावे?

वातकुक्कुट

नमस्कार. गेली तीन वर्षे मी दोन आसनी, पत्र्याचे, वर पंख असलेले एक हलके विमान सुट्या भागांच्या संचातून बांधत आहे. पंख, शेपूट आणि धड पूर्ण झाले असून आता इंजिनापुढच्या भिंतीपाशी काम थांबले आहे, कारण इंजिन ठरल्याशिवाय त्या भिंतीवर एकही छिद्र पाडता येत नाही. विमानाचे कमाल वजन ६०० किलो आहे आणि रिकामे वजन ३३५ ते ३४५ किलोच्या दरम्यान भरेल, असा अंदाज आहे.

संरचनाकाराने तीन इंजिनांना मान्यता दिली आहे: ८० अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ यूएल, १०० अश्वशक्तीचे ९१२ यूएलएस आणि १४१ अश्वशक्तीचे, टर्बो असलेले ९१५ आयएस. ज्यांना ज्यांना विचारले, त्या प्रत्येकाने "जेवढी शक्ती जास्त तेवढे चांगले" असे सांगितले, पण का, हे कोणीच नीट सांगितले नाही. माझी धावपट्टी गवताची आणि आखूड आहे, पलीकडच्या टोकाला उंच झाडे आहेत आणि उन्हाळ्यात तेथे कडक ऊन असते. बहुतेक उड्डाणे दोघांची असतील. या तीन इंजिनांतून निवड कोणत्या कसोटीवर करावी, हे जाणकारांनी समजावून सांगावे, ही विनंती.

घार

आपण प्रश्न योग्य वेळी विचारला आहे. इंजिन बसवल्यानंतर हा प्रश्न विचारणारेच मला जास्त भेटतात.

सर्वप्रथम, कमाल वेग हा निकष मनातून काढून टाकावा. सपाट उड्डाणात वेग वाढवायचा झाला, तर लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे शक्ती ८० वरून १०० केली, सव्वापट केली, तरी वेग जेमतेम आठ टक्क्यांनी वाढतो. ताशी १८५ किलोमीटर वेगाने जाणारे विमान ताशी २०० च्या आसपास जाईल आणि दीड तासाच्या प्रवासात आपली सहा मिनिटे वाचतील. सहा मिनिटांसाठी कोणी इंजिन बदलू नये.

चढाईचे गणित मात्र अगदी वेगळे आहे. इंजिन जी शक्ती देते, तिच्यातील एक भाग विमानाला त्या वेगाने हवेत नुसते तरंगत ठेवण्यात खर्च होतो आणि त्यातून जे शिल्लक राहते, तेवढ्यावरच विमान वर चढते. म्हणून प्रश्न एकूण शक्तीचा नसून शिलकीचा आहे. पगार वीस टक्क्यांनी कमी झाला आणि घरखर्च तेवढाच राहिला, तर बचत वीस टक्क्यांनी कमी होत नाही, त्याहून कितीतरी जास्त घटते. येथेही नेमके तेच घडते.

हा खर्च मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. आपल्याच प्रकारच्या एखाद्या विमानात पूर्ण वजन घेऊन बसावे, इंजिन मंद गतीवर ठेवावे, चढाईच्या वेगाने सरळ उतरत राहावे आणि विमान सेकंदाला किती मीटर खाली येते, ते मोजावे. तो आकडा गुणिले वजन (किलो गुणिले ९.८१) म्हणजेच तरंगत राहण्याचा खर्च, वॅटमध्ये. मंद फिरणारा प्रॉपेलर थोडा अडथळा करतो, त्यामुळे खर्च खऱ्यापेक्षा किंचित जास्त दिसतो, पण चूक सुरक्षित बाजूला होते.

आपल्यासारख्या विमानात हा उतरण्याचा वेग सेकंदाला ३.६६ मीटर धरू. ६०० किलो वजनावर त्याचे २१.५ किलोवॅट होतात. आता ८० अश्वशक्ती म्हणजे ५९.६ किलोवॅट, आणि चढाईच्या वेगाला प्रॉपेलर त्यातील सुमारे ६५ टक्के हवेत उतरवतो, म्हणजे ३८.७ किलोवॅट. शिल्लक १७.२. चढाई सेकंदाला २.९ मीटर, अर्थात मिनिटाला सुमारे ५७५ फूट. हाच हिशेब १०० अश्वशक्तीच्या इंजिनाला केला, ज्याची शक्ती निर्माता ७३.५ किलोवॅट देतो, तर शिल्लक २६.३ किलोवॅट आणि चढाई मिनिटाला सुमारे ८८० फूट येते. शक्ती सव्वापट झाली आणि चढाई दीडपटीहून अधिक झाली.

हे झाले समुद्रसपाटीवरच्या थंड सकाळचे. आता आपल्या कडक उन्हाकडे येऊ. धावपट्टी समुद्रसपाटीपासून २००० फुटांवर आहे आणि तापमान ३५ अंश आहे, असे धरा. प्रमाणित हवामानात त्या उंचीवर ११ अंश असायला हवेत, म्हणजे हवा २४ अंशांनी जास्त तापलेली आहे, आणि दर अंशामागे सुमारे १२० फूट या हिशेबाने विमानाला आपण ४९०० फुटांवर असल्यासारखे वाटते. तेथे टर्बो नसलेले इंजिन आपली सुमारे १५ टक्के शक्ती गमावते. इतकेच नव्हे, तर विरळ हवेत तरंगत राहण्याचा खर्चही सात-आठ टक्क्यांनी वाढतो. उत्पन्न घटले आणि खर्च वाढला. ८० अश्वशक्तीची चढाई मिनिटाला ३२५ फुटांवर येते, तर १०० ची ५८० फुटांवर.

हे दोन आकडे पुन्हा पाहावेत. उन्हाळ्याच्या दुपारी १०० अश्वशक्तीचे इंजिन जे देते, ते ८० अश्वशक्तीचे इंजिन थंड सकाळी समुद्रसपाटीवर देते. म्हणजे वरची वीस अश्वशक्ती उन्हातच खर्ची पडते.

आणि झाडांचा हिशेब. मिनिटाला ३२५ फूट चढणाऱ्या विमानाला चाके जमिनीवरून सुटून चढाईचा वेग आल्यानंतर १५ मीटर उंची गाठायला सुमारे ३३० मीटर अंतर लागते. ५८० फूट चढणाऱ्याला सुमारे १८५. त्यातच तापलेल्या दुपारी खाली जाणारे हवेचे झोत असतात आणि सेकंदाला दीड मीटरचा झोत काही दुर्मीळ नव्हे. त्या झोतात ८० अश्वशक्तीचे विमान पूर्ण थ्रॉटल देऊनही जेथल्या तेथे राहील आणि झाडे जवळ येत राहतील. माझी कसोटी एवढीच आहे: वर्षातील सर्वांत वाईट दिवशी, पूर्ण वजनावर, चढाई किती उरते?

भिंगरी

घार यांचा हिशेब मान्य आहे, पण त्यातील "तरंगत राहण्याचा खर्च" प्रत्येक विमानाला सारखा नसतो, हे धाग्यात नोंदवले जावे.

चढाईच्या संथ वेगाला बहुतेक अवरोध उचल निर्माण करण्यातूनच येतो आणि तो पंखांचा विस्तार वाढला की झपाट्याने कमी होतो. मी लांब पंखांचे, ८० अश्वशक्तीचे विमान अकरा वर्षे उडवत आहे. इंजिन मंद ठेवून पूर्ण वजनावर ते सेकंदाला फक्त दोन मीटर उतरते. घार यांच्याच पद्धतीने आकडे मांडले, तर खर्च १२ किलोवॅटच्या आत राहतो, शिल्लक २७ च्या घरात जाते आणि चढाई सेकंदाला साडेचार मीटर येते, म्हणजे आखूड पंखांच्या १०० अश्वशक्तीच्या विमानाएवढीच. पायपर जे-३ कब हे विमान ५५३ किलो कमाल वजनावर ६५ अश्वशक्तीच्या इंजिनाने उडत असे आणि असंख्य वैमानिक त्यावर शिकले, ते त्याच्या मोठ्या पंखांमुळे आणि संथ वेगामुळे. म्हणून किलो भागिले अश्वशक्ती एवढ्या एकाच गुणोत्तरावरून दोन वेगळ्या विमानांची तुलना करू नये.

आणखी एक मुद्दा इंधनाचा. ८० अश्वशक्तीच्या ९१२ चे संपीडन गुणोत्तर ९ आहे आणि त्याला ९० ऑक्टेनचे पेट्रोल चालते. १०० अश्वशक्तीच्या इंजिनाचे संपीडन जास्त असल्याने त्याला किमान ९५ लागते. जेथे चांगल्या पेट्रोलची खात्री नाही, तेथे लहान इंजिन शांतपणे काम करत राहते. एकट्याने उडणाऱ्या, लांब धावपट्टी असलेल्या माणसाला ८० पुरेसे आहे, असे मी आजही म्हणेन. मात्र आपली धावपट्टी आखूड आहे आणि दोघे बसणार आहेत, तेव्हा आपल्याला तो सल्ला देणार नाही.

वातकुक्कुट

माझ्या विमानाचे पंख आखूडच आहेत, तेव्हा घार यांचे आकडे मला जास्त लागू पडतील असे दिसते. पण मग टर्बोच का घेऊ नये? ते तर विरळ हवेतही शक्ती गमावत नाही.

रिव्हेट

टर्बोकडे वळण्याआधी प्रॉपेलरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण शक्ती कमी पडते अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांची शक्ती इंजिनात नव्हे, तर प्रॉपेलरच्या मुळाशी अडकलेली असते. मी स्वतः त्यांपैकी एक होतो.

माझ्या विमानाला १०० अश्वशक्तीचे ९१२ यूएलएस आहे आणि जमिनीवर कोन बदलता येईल असा तीन पात्यांचा प्रॉपेलर आहे. पहिले दोन महिने विमान दोघांना घेऊन मिनिटाला साडेपाचशे फूट चढत होते. मी मोठ्या इंजिनाची चौकशी सुरू केली होती. एका जुन्या जाणत्या तंत्रज्ञाने मात्र शेपूट खुंटीला बांधायला लावली, चाकांना उटी लावली आणि पूर्ण थ्रॉटल द्यायला सांगितले. काटा ४८५० फेऱ्यांवर जाऊन थांबला. या इंजिनाची १०० अश्वशक्ती मिनिटाला ५८०० फेऱ्यांना मिळते, तीही पाच मिनिटांपुरती. सतत चालवण्याची मर्यादा ५५०० आहे. आणि पूर्ण थ्रॉटलला ५२०० च्या खाली ते राबवू नये, असे निर्माताच सांगतो. पात्यांचा कोन जास्त असल्याने इंजिन उंच गिअरमध्ये घाट चढणाऱ्या गाडीसारखे गुदमरत होते. जी शक्ती विकत घेतली होती, ती मी कधी वापरलीच नव्हती.

आम्ही विमान पातळीत आणले, एक पाते आडवे धरले, टोकापासून ठरावीक अंतरावर पट्टी चिकटवून खूण केली आणि त्या खुणेवर अंकीय कोनमापक टेकवून कोन वाचला. मग बोल्ट सैल करून दोन अंश कमी केले, तिन्ही पात्यांवर एकाच खुणेवर एकाच बाजूने मापले आणि तिन्हींतला फरक अंशाच्या दहाव्या भागात आणला. या शेवटच्या कामाला अर्धा दिवस गेला, कारण बोल्ट आवळताना पाते हमखास थोडे फिरते. पुन्हा खुंटीला बांधून पाहिले, तर काटा ५३०० वर गेला. त्याच आठवड्यात, तेवढ्याच वजनावर आणि जवळपास तशाच हवेत, चढाई मिनिटाला ७६० फूट भरली. सपाट उड्डाणातला वेग थोडा कमी झाला. त्याचे मला दुःख नाही.

दुसरी गोष्ट व्यासाची. विमान स्थिर असताना मिळणारा रेटा हा शक्ती आणि व्यास यांच्या गुणाकाराच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात असतो. म्हणून केवळ अश्वशक्तीचा आकडा पाहून गिअरबॉक्सचे इंजिन आणि थेट प्रॉपेलर फिरवणारे इंजिन यांची तुलना करता येत नाही. ९१२ यूएलएसचा गिअरबॉक्स फेरे २.४३ पटीने कमी करतो, त्यामुळे ५८०० फेऱ्यांना प्रॉपेलर २४०० च्या आतच फिरतो आणि १.७२ मीटर व्यास सहज पेलतो. जबिरू ३३०० हे १२० अश्वशक्तीचे इंजिन मात्र प्रॉपेलर थेट ३३०० फेऱ्यांनी फिरवते. तेथे दीड मीटरच्या पात्याचे टोकच सेकंदाला २६० मीटरने जात असते, आणि व्यास आणखी वाढवला तर टोके ध्वनीच्या वेगाकडे सरकून आवाज व नुकसान दोन्ही वाढतात. १२० अश्वशक्ती १.५२ मीटर व्यासावर आणि १०० अश्वशक्ती १.७२ मीटरवर असा हिशेब केला, तर धावेच्या सुरुवातीला पहिल्याचा रेटा चारच टक्के जास्त निघतो. त्या इंजिनाचे इतर गुण आहेत, रचना साधी आहे, गिअरबॉक्सची देखभाल नाही. पण गवताच्या आखूड धावपट्टीवर वीस टक्के जास्त शक्तीची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

घार

रिव्हेट यांनी लिहिले ते प्रत्येक नव्या बांधकामकर्त्याने वाचावे. माझ्या हिशेबातील ६५ टक्के हा आकडा कोन नीट लावलेल्या प्रॉपेलरचाच आहे. ४८५० फेऱ्यांवर थांबलेल्या इंजिनाला तो लागू होत नाही.

आता टर्बोविषयी. ९१५ आयएस आपली १४१ अश्वशक्ती १५००० फुटांपर्यंत टिकवते, त्यामुळे आपल्या त्या तापलेल्या दुपारी चढाई मिनिटाला १४९० फुटांच्या आसपास निघेल. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्याची किंमत वजनाने मोजावी लागते. ८० आणि १०० अश्वशक्तीच्या इंजिनांच्या वजनात फरक किलो-दीड किलोचाच आहे, म्हणून त्या दोघांत वजनाचा प्रश्न येत नाही. टर्बोचे इंजिन मात्र सुमारे २० किलोंनी जड आहे आणि ते सगळे वजन विमानाच्या नाकावर येते. ६०० किलोंची मर्यादा तीच राहते. म्हणजे दोन माणसे बसल्यानंतर टाकीतून २८ लिटर पेट्रोल कमी भरावे लागेल, आणि १०० अश्वशक्तीचे इंजिन तीन-चतुर्थांश शक्तीवर ताशी साडेअठरा लिटर पिते, हे पाहता ते दीड तासाचे उड्डाण झाले.

गुरुत्वमध्यही पुढे सरकतो. २० किलो वजन मूळ गुरुत्वमध्याच्या १.२ मीटर पुढे बसले, तर ६०० किलोंच्या विमानाचा गुरुत्वमध्य चार सेंटीमीटर पुढे येतो, आणि १.३ मीटर रुंदीच्या पंखावर ते तीन टक्के होतात. ऐकायला किरकोळ वाटते, पण एकटा हलका वैमानिक बसलेला असताना पुढची मर्यादा ओलांडली गेली, तर उतरताना नाक वर उचलायला शेपूट कमी पडते. संरचनाकाराने मान्यता देताना बॅटरी मागे हलवण्याची किंवा तशी एखादी अट घातली आहे का, हे नक्की तपासावे.

टेलव्हील

जास्त शक्तीच्या दोन धोक्यांचा उल्लेख राहिला आहे.

एक म्हणजे कमाल अनुमत वेग. हा वेग विमानाच्या सांगाड्याचा असतो, इंजिनाचा नव्हे. ताकदवान इंजिनाने उथळ उतारावरही विमान त्या मर्यादेजवळ जाते. शिवाय पंखांची आणि शेपटीची फडफड खऱ्या वेगावर अवलंबून असते, तर वेगमापक विरळ हवेत खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. टर्बो आपल्याला उंचावर पूर्ण शक्ती देतो, म्हणजे नेमका जेथे काटा फसवतो, तेथेच वेगाने जायला लावतो.

दुसरा धोका मी एकदा जवळून पाहिला आहे. जास्त शक्तीच्या विमानाचे नाक चढाईत खूप वर असते. उड्डाणानंतर लगेच इंजिन थांबले, तर वेग दोन-तीन सेकंदांत ओसरतो आणि नाक ताबडतोब, निर्धाराने खाली दाबावे लागते. माझ्या शेजारी बसलेल्या अनुभवी वैमानिकाने क्षणभर विचार केला आणि तेवढ्यात काठी सैल पडल्याचे दोघांनाही जाणवले. उंची पुरेशी होती म्हणून आम्ही सावरलो. कमी शक्तीच्या विमानाचे नाक मुळातच कमी उचललेले असते. अर्थात त्याला त्या उंचीपर्यंत पोहोचायलाही वेळ लागतो, त्यामुळे मी याला कमी शक्तीच्या बाजूचा युक्तिवाद मानत नाही. जास्त शक्ती घेणाऱ्याने हा सराव प्रशिक्षकासह करावा, इतकेच म्हणतो.

नियमांविषयीही एक वाक्य. अमेरिकेत २००४ साली हा वर्ग निर्माण झाला, तेव्हा जमिनीवरून उडणाऱ्या विमानाला १३२० पौंड वजनाची आणि सतत चालवण्याच्या कमाल शक्तीवर १२० नॉट वेगाची मर्यादा होती. शक्तीला मात्र थेट मर्यादा नव्हती, म्हणूनच कार्बन कबसारख्या विमानाला १८० अश्वशक्ती उड्डाण व चढाईसाठी पाच मिनिटे आणि नंतर सतत ८० अश्वशक्ती, अशी विभागणी करता आली. २०२५ च्या नव्या नियमांनी तेथे वजनाऐवजी स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंखांची उचल तुटते तो वेग, मुख्य कसोटी केला आहे. त्या विभागणीत एक शहाणपण होते: शक्ती जमिनीजवळ हवी असते, प्रवासात नव्हे.

वातकुक्कुट

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी माझ्याच प्रकारचे, १०० अश्वशक्तीचे एक विमान त्याच्या मालकासह उडवण्याची संधी मिळाली, म्हणून घार यांनी सांगितलेले मोजमाप प्रत्यक्ष करून पाहिले.

दोघांचे वजन, पेट्रोल आणि रिकामे वजन मिळून ५७० किलो भरले. उंचीमापक १०१३ हेक्टोपास्कल या प्रमाणित दाबावर लावला. ३००० फुटांवरून इंजिन मंद करून ६५ नॉटने उतरलो आणि २५०० ते १५०० या हजार फुटांना ८५ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला ३.५९ मीटर. खर्च २० किलोवॅट. मग तेवढ्याच वेगाने पूर्ण थ्रॉटलवर तेच हजार फूट चढलो. ७६ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला ४.०१ मीटर आणि शिल्लक सुमारे २२.५ किलोवॅट. दोन्ही मिळून प्रॉपेलरने ४२.५ किलोवॅट हवेत उतरवले. हवा कोमट होती, त्यामुळे त्या उंचीवर इंजिन ६५ किलोवॅटच्या थोडे वर असावे, असा माझा हिशेब आहे, आणि भागाकार ६५ टक्क्यांच्या अगदी जवळ येतो. एक हात काठीवर आणि दुसऱ्या हातात थांबघड्याळ असताना आकडे असे जुळून येतील, असे मला खरोखर वाटले नव्हते.

याच आकड्यांवरून ६०० किलो आणि कडक ऊन यांचा हिशेब पुन्हा मांडला. ८० अश्वशक्तीवर झाडांवरून जाताना मला हवी तेवढी शिल्लक उरत नाही. टर्बोचा मोह होता, पण ते २८ लिटर पेट्रोल मी सोडू शकत नाही आणि माझ्या झाडांना १४९० फुटांची गरजही नाही. १०० अश्वशक्तीचे ९१२ यूएलएस आणि कोन बदलता येणारा तीन पात्यांचा प्रॉपेलर नक्की केला आहे. रिव्हेट, आपण ज्या खुणेवर कोन मोजला, ती टोकापासून किती अंतरावर होती?

रिव्हेट

अभिनंदन. अंतर प्रॉपेलर बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि प्रत्येकाचे वेगळे असते, म्हणून माझा आकडा वापरू नये. पुस्तिकेतील सुरुवातीच्या कोनापासून आरंभ करावा आणि शेपूट बांधून फेरे मोजावेत. माझ्या विमानात एका अंशामागे दोनशे-सव्वादोनशे फेऱ्यांचा फरक पडला होता, तेव्हा एका वेळी अर्ध्या अंशाहून जास्त बदलू नये. बोल्ट आवळण्याचा क्रम आणि जोर पुस्तिकेप्रमाणेच ठेवावा आणि पहिल्या काही उड्डाणांनंतर ते पुन्हा तपासावेत. जमिनीवर पूर्ण थ्रॉटलला काटा कोठे थांबला, ते येथे अवश्य लिहावे.

वातकुक्कुट

नक्की लिहीन. उद्या सकाळी भिंतीवर पहिल्या चार छिद्रांच्या खुणा करतो.